स्टाफरूमची राज्यघटना

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून शाळेविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे दुसऱ्या कशाविषयी क्वचितच बोलले जात असेल. फी किती, माध्यम मराठी की इंग्रजी, गणिताच्या बाई कडक की मऊ, विज्ञानाचे सर शिकवणी घेतात की नाही, दप्तराचे वजन किती, या सर्व विषयांवर घरातला प्रत्येक माणूस अधिकारवाणीने बोलू शकतो. आजी तर सर्वांत अधिक! परंतु एक प्रश्न मी माझ्या साऱ्या नोकरीत एकाही पालकाच्या तोंडून ऐकला नाही. तो असा : "तुमच्या शाळेत एकच विषय शिकवणारे शिक्षक त्या विषयाबद्दल एकमेकांशी बोलतात का हो?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे खरे उत्तर बहुतेक शाळांतून 'नाही' असेच येईल. आणि त्याचा परिणाम भोगतो तो आपला बंडू किंवा आपली चिमी. पाचवीत एका बाईंनी अपूर्णांक शिकवले, सहावीत दुसऱ्या सरांनी दशांश शिकवले, सातवीत तिसऱ्यांनी शेकडेवारी शिकवली. एकाच भिंतीवर चार-सहा गवंडी काम करतात आणि प्रत्येकाचा ओळंबा निराळा! भिंत कलली की प्रत्येकजण खालच्या थराकडे बोट दाखवतो. "मागच्या वर्षी पायाच कच्चा राहिला हो," हे वाक्य तुम्ही पालकसभेत ऐकले असेलच.

मी १९८६ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने कोणत्याही शाळेला लागू पडेल. आणि नाव सांगितले तर माझे जुने सहकारी मला पुन्हा चहाला बोलावणार नाहीत.

अंड्यांचा ट्रे

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली 'स्कूलटीचर' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने शाळेच्या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली आहे. प्रत्येक अंडे आपापल्या खळग्यात सुरक्षित. एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि स्पर्शही होत नाही. शिक्षकाचा वर्ग म्हणजे असाच एक खळगा. दार लावले की आत तो राजा. पण राजाला सल्लागार कुणी नाही.

ही उपमा वाचली तेव्हा मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. माझ्या वर्गात माझे शिकवणे चालू असताना कोण कोण आले ते आठवून पाहिले. सूचनेची वही घेऊन येणारा शिपाई, वर्षातून एकदा पाठनिरीक्षणाला मुख्याध्यापिका, तपासणीसाठी आलेले अधिकारी, आणि बी. एड.चे छात्रशिक्षक. शेजारच्या वर्गात तोच धडा शिकवणारे सर? पहिली पंचवीस वर्षे एकदाही नाही. मीही त्यांच्या वर्गात गेले नाही. कारण असे जाणे हे आमच्यात जवळजवळ असभ्यपणाचे मानले जाई. स्वयंपाक चालू असताना शेजारणीने येऊन आपल्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहावे, तसे काहीसे!

डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतात. वकील वकिलाला विचारतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिक्षकाने मात्र 'हा भाग मला नीट शिकवता येत नाही' असे म्हटले की त्याची किंमत उतरते, अशी एक समजूत आपल्याकडे घर करून आहे. ज्युडिथ वॉरन लिट्ल या संशोधक बाईंनी १९८२ साली अमेरिकेतल्या सहा शहरी शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शाळा चांगल्या चालल्या होत्या, तिथे शिक्षक शिकवण्याबद्दल नेमके आणि वारंवार बोलत, एकमेकांचे तास पाहत, पाठांची तयारी एकत्र करत आणि एकमेकांना शिकवत, असे त्यांना आढळले. म्हणजे चांगली शाळा ही केवळ चांगल्या शिक्षकांची बेरीज नव्हे. बेरजेच्या चिन्हालाही काही किंमत असते, हे गणिताच्या शिक्षिकेने तरी मान्य करायलाच हवे.

न लिहिलेले कायदे

"मग बसा की एकत्र! अडचण काय आहे?" असे कुणीही म्हणेल. अडचण अशी की, माणसे नुसती एका टेबलाभोवती बसवून गट होत नाही.

आणि टेबल काही रिकामे नसते. स्टाफरूममध्ये आधीपासूनच एक राज्यघटना जारी असते. ती कुणी लिहिलेली नसते, पण नव्या शिक्षकाला ती पहिल्या आठ दिवसांत पाठ होते. कलम पहिले : खिडकीजवळची खुर्ची सर्वांत जुन्या सरांची. कलम दुसरे : दुसऱ्याच्या वर्गाच्या निकालाबद्दल त्याच्या तोंडावर बोलायचे नाही, तो बाहेर गेल्यावर बोलायला हरकत नाही. कलम तिसरे : मोठ्यांनी मत दिले की चर्चा संपली. कलम चौथे : आपली अडचण सांगायची नाही, सांगायचीच तर मुलांची सांगायची. 'या वर्षीची बॅचच तशी आहे' हे त्यातले सर्वमान्य सूत्र. आणि कलम पाचवे : या खोलीतली गोष्ट कार्यालयात पोचायला दहा मिनिटे पुरतात, तेव्हा जपून!

या घटनेला आपण 'खेळीमेळीचे वातावरण' म्हणतो. संक्रांतीला तिळगूळ वाटतो, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले की पेढे खातो, कुणी आजारी पडले तर त्याचे तास आनंदाने घेतो. हे सारे खरेच चांगले आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण या गोडव्याच्या पोटात एक मौन असते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. भिडेपोटी शिक्षक गप्प बसतात आणि झोळी मुलांची रिकामी राहते.

चहा झाला, बैठक संपली

२०१० साली शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचे नाही असे ठरले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण एक मात्र झाले. आठवीपर्यंत झाकून राहिलेले नववीत उघडे पडू लागले. २०११ च्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिकांनी (त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू) गणित शिकवणाऱ्या आम्हा सहाजणांना बोलावले आणि सांगितले, "एक शनिवार सोडून एक शनिवार, शाळा सुटल्यावर तासभर एकत्र बसा. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

आमचे सहाजणांचे मंडळ असे : दहावी सांभाळणारे ज्येष्ठ सर, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले, वेळापत्रकावरून बिनसल्यामुळे दोन वर्षे एकमेकांशी कामापुरतेही न बोलणारे एक सर आणि एक बाई, सर्वांना 'हो' म्हणणारे आणखी एक सर, मी, आणि शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच लागलेल्या एक तरुण बाई. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात आणि ती नीट पार पडली तर पुढे वेतनश्रेणी मिळते. या बाईंच्या घरी त्या एकट्या कमावत्या होत्या. त्या काय बोलणार? त्या पहिल्या बैठकीत एक शब्द बोलल्या नाहीत.

बाकीचेही फारसे बोलले नाहीत. ज्येष्ठ सर म्हणाले, "पाढे पाठ नाहीत, दुसरं काही नाही." 'हो' म्हणणारे सर 'हो' म्हणाले. न बोलणारे दोघे दोन टोकांना बसून उत्तरपत्रिका तपासत राहिले. चहा आला, चहा झाला, बैठक संपली. दुसऱ्या शनिवारीही तेच.

सहा चिठ्ठ्या

तिसऱ्या बैठकीत मी एक सुचवले. गणिताबद्दल आज काहीच बोलायचे नाही. आजवर तुम्ही ज्या बैठकांना बसलात, मग ती शाळेतली असो, सोसायटीची असो की लग्नाच्या याद्यांची असो, त्यांत तुम्हाला सर्वांत अधिक त्रास कशाचा झाला, ते एका चिठ्ठीवर लिहायचे. नाव घालायचे नाही. चिठ्ठ्या चुरगळून डब्यात टाकायच्या, मिसळायच्या आणि कुणीही कुणाची वाचायची.

त्या चिठ्ठ्यांनी जे बोलून दाखवले, ते आम्ही दोन बैठकांत बोललो नव्हतो. एकीत होते : 'वेळेवर येणारा मूर्ख ठरतो, उशिरा येणाऱ्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतात.' दुसरीत : 'आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य.' तिसरीत : 'मी बोलायला लागले की कुणीतरी मोबाईल काढतं.' चौथीत : 'ठरतं खूप, होत काहीच नाही.' पाचवीत : 'वर्गाबद्दल बोलता बोलता माणसाबद्दल बोलतात.' आणि सहावी चिठ्ठी, बारीक अक्षरातली : 'इथे बोललेलं माझ्या आधी ऑफिसात पोचलं तर?'

सहावी चिठ्ठी वाचली गेली तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे पाहिले नाही. ती कुणाची हे सर्वांना कळले होते, आणि ती सर्वांचीच आहे हेही.

मग आम्ही एकेक तक्रार उलटी करून तिचा नियम केला. त्यावर दोन शनिवार गेले. शब्दाशब्दांवर भांडलो, दोन वर्षे न बोललेले ते दोघे 'पुरावा' या शब्दावरून प्रथमच एकमेकांशी बोलले, म्हणजे भांडले. शेवटी पाच कलमे झाली :

१. बैठक सव्वाअकराला सुरू, सव्वाबाराला बंद. आलेल्यांनी न आलेल्यांसाठी थांबायचे नाही.

२. बोलायचे ते मुलांच्या वहीत किंवा उत्तरपत्रिकेत जे दिसते त्यावरून. शिक्षकाच्या स्वभावावर नाही.

३. सर्वांत नव्याने आधी बोलायचे, सर्वांत जुन्याने शेवटी. एक बोलत असताना बाकीच्यांचे फोन पिशवीत.

४. काय ठरले ते बाहेर सांगायचे; कोण काय म्हणाले ते सांगायचे नाही.

५. ठरवलेले करून पुढच्या वेळी सांगायचे. जमले नाही तर 'जमले नाही' एवढेच, सबब नको.

चौथ्या कलमाला मोठ्या बाईंची संमती हवी होती, नाहीतर ते कागदावरच राहिले असते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काय ठरलं तेवढं मला सांगा. कोण काय बोललं ते मी विचारणार नाही. आणि कुणी सांगायला आलं तर ऐकणार नाही." त्यांनी हा शब्द शेवटपर्यंत पाळला. आमच्या प्रयोगाचे निम्मे श्रेय मी त्या एका वाक्याला देते.

याला परदेशात शास्त्र म्हणतात

असे नियम करणे हा काही आमचा शोध नव्हे. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली लिहिले की, कोणताही लहान गट चार पायऱ्यांनी जातो : जमणे, भांडणे, रीतभात ठरणे आणि मग कामाला लागणे. इंग्रजीत या चारही शब्दांचे यमक जुळते, म्हणून ते जगभर पाठ झाले. यातली दुसरी पायरी गाळून तिसरीवर जाता येत नाही, हे आम्हाला 'पुरावा' या शब्दाने शिकवले होतेच.

शिकागोजवळच्या स्टीव्हन्सन हायस्कुलात रिचर्ड ड्यूफोर हे १९८३ साली मुख्याध्यापक झाले. त्यांच्या कारकिर्दीत तिथे एक विषय शिकवणाऱ्या शिक्षकांचे लहान गट काम करू लागले. पुढे १९९८ मध्ये त्यांनी रॉबर्ट ईकर यांच्यासह या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि शिक्षकांच्या 'अध्ययन-गटां'ची कल्पना अनेक देशांत पसरली. प्रत्येक गटाने आपल्या वागणुकीचे नियम आपणच ठरवावेत, यावर त्यांचा मोठा भर. रॉबर्ट गार्मस्टन आणि ब्रूस वेलमन या जोडीने तर एकत्र कामाच्या सात सवयींची यादीच दिली आहे. बोलण्याआधी क्षणभर थांबावे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून पाहावे, समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे, अशा त्या सवयी. आपल्या आजीनेही याहून वेगळे सांगितले नसते. फक्त तिने ते 'शास्त्र' म्हणून सांगितले नसते.

या सर्वांत मला अधिक विचार करायला लावले ते इस्पितळांतल्या एका अभ्यासाने. एमी एडमंडसन या संशोधक बाई औषधे देण्यात होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. त्यांची अपेक्षा अशी की, ज्या तुकड्यांत माणसे मिळून मिसळून काम करतात तिथे चुका कमी असतील. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उलटेच दिसले : चांगल्या तुकड्यांत चुकांची नोंद अधिक! त्याचे कारण त्यांनी शोधले ते असे की, तिथल्या परिचारिकांना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. इतरत्र चुका झाकल्या जात होत्या. आता बोला! ज्या स्टाफरूममध्ये कुणालाच काही अडचण नाही, तिथे आपल्या मुलाला पाठवावे का, हा विचार पालकांनी करण्यासारखा आहे.

डस्टर आणि खिचडी

नियम केले म्हणजे ते मोडणारही. मोडल्यावर काय करायचे हे आधी ठरले नसेल तर नियमाचा कागद भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा होतो. असतो, पण कुणी पाहत नाही. एखाद्याला 'तुम्ही उशिरा आलात' असे तोंडावर म्हणण्याची आपल्याला सवय नाही, आणि वडीलधाऱ्यांना म्हणण्याची तर नाहीच. म्हणून आम्ही टेबलाच्या मधोमध एक डस्टर ठेवले. कलम मोडलेले दिसले की ज्याला दिसेल त्याने ते डस्टर हळूच त्या माणसापुढे सरकवायचे. बोलायचे काही नाही.

पहिल्या दोन बैठकांत डस्टर जागचे हलले नाही. ज्येष्ठ सर दोन्ही वेळा वीस मिनिटे उशिरा आले तरीही. तिसऱ्या वेळी ते आले, बसले, आणि 'हो' म्हणणाऱ्या सरांनी, होय, त्यांनीच, ते डस्टर सरांपुढे सरकवले. ज्येष्ठ सरांचा चेहरा लाल झाला. ते तासभर काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, संपले सगळे.

सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, शनिवारी खिचडी शेवटच्या तासानंतर वाटतात. वाटप झालं की नोंदवहीवर सही माझी. पोरांना उपाशी ठेवून मी सव्वाअकराला कसा येऊ?"

आठवीपर्यंतच्या मुलांच्या पोषण आहाराचे काम सरांकडे होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते; पण वेळ ठरवताना कुणाच्या लक्षात आले नव्हते, आणि सरांनी मोठेपणाच्या भिडेने सांगितले नव्हते. पुढच्या बैठकीत पहिले कलम बदलले : साडेअकरा ते साडेबारा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सर एकदाही उशिरा आले नाहीत.

त्या डस्टरने शिक्षा कुणाला केली नाही. दडलेले कारण तेवढे बाहेर काढले. मोडलेला नियम हा पुष्कळदा आळशी माणसाकडे बोट दाखवत नसून अडलेल्या माणसाकडे दाखवत असतो. म्हणून दर जूनमध्ये आम्ही तो कागद नव्याने लिहू लागलो. मंडळात नवा माणूस आला की त्याचीही चिठ्ठी डब्यात पडे. जुन्यांनी केलेल्या घटनेवर नव्याची नुसती सही घेऊन भागत नाही.

पॉइंट पस्तीस

आता वाचक विचारतील, "हे सारे ठीक, पण मुलांचे काय?"

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तिसऱ्या कलमाप्रमाणे तरुण बाईंनी आधी बोलायचे होते. त्यांनी पिशवीतून सहावीच्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. आवाज थोडा कापत होता. म्हणाल्या, "मी दशांश अपूर्णांक शिकवून झालेत. पण ०.४ मोठे की ०.३५, असं विचारलं तर निम्म्याहून जास्त मुलं ०.३५ सांगतात. मी दोनदा शिकवलं. मला कळत नाही कुठं चुकतंय."

पूर्वीच्या घटनेप्रमाणे या वाक्याने त्यांच्या नोकरीवर गदा आली असती, निदान त्यांना तसे वाटले असते. खोलीत शांतता पसरली. आणि शेवटी बोलण्याची पाळी असलेले ज्येष्ठ सर म्हणाले, "बाई, माझ्या दहावीतही चारजण असंच सांगतील. मी त्याला निष्काळजीपणा म्हणत आलो. द्या ती वही इकडे."

मग आम्ही तो धडा एकत्र बसून रचला आणि ठरवले की तरुण बाई तो शिकवतील व बाकीचे मागे बसून पाहतील. जपानात ही पद्धत मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, रुजत गेली आहे. तिला तिथे 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठ-अभ्यास म्हणतात. तिथलेही संकेत ठरलेले आहेत. पाहणाऱ्यांनी मुलांकडे पाहायचे. तास संपल्यावर शिकवणाऱ्याने आधी बोलायचे. आणि धडा सर्वांनी रचलेला असल्याने तो 'तुमचा' नसून 'आपला' धडा असतो. मोठ्या बाईंनी आमचे तास दुसऱ्यांना वाटून दिले आणि आम्ही पाचजण सहावीच्या वर्गात पाच कोपऱ्यांत बसलो.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या एकट्या शिक्षिकेला जे दिसले नसते, ते दहा डोळ्यांना दिसले. पहिली गोष्ट अशी की, मुले ०.३५ हे 'पॉइंट पस्तीस' असे वाचत होती. कानाला पस्तीस ऐकू आले की चारापेक्षा ते मोठेच! आणि तसे वाचायला त्यांना शिकवले होते आम्हीच सहाजणांनी. दुसरी गोष्ट : आम्ही सारे रुपये-पैशांचे उदाहरण देत होतो. पण पंचवीस पैशांचे नाणे त्याच वर्षी, २०११ च्या जूनअखेर, चलनातून गेले होते. या मुलांनी पैसे कधी मोजलेच नव्हते. शिवाय पैसे नेहमी दोन आकड्यांत लिहितात, ४० आणि ३५, त्यामुळे खरी अडचण झाकूनच जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पाहिली त्या न बोलणाऱ्या सरांनी. त्यांच्या कोपऱ्यातल्या एका मुलीने ०.४ मोठे असे बरोबर उत्तर लिहिले होते. बाईंनी पटकन बरोबरची खूण केली असती. पण सरांनी हळूच विचारले, "०.३ आणि ०.४५ मध्ये मोठं कोणतं?" ती ठामपणे म्हणाली, "०.३." का? "कमी आकडे असले की तुकडे मोठे असतात." म्हणजे तिचे बरोबर उत्तरही चुकीच्या वाटेने आलेले! अशी किती बरोबर उत्तरे आजवर आपण लाल शाईने गौरवली असतील, या विचाराने तास संपल्यावर कुणालाच चहा गोड लागला नाही.

पण पुढच्या आठवड्यापासून पाचवी ते दहावी, सहाही वर्गांत, ०.३५ हे 'शून्य पॉइंट तीन पाच' असे वाचले जाऊ लागले. शिंप्याच्या टेपाऐवजी मीटरची पट्टी आली. एक मीटर कागदी फीत, तिचे आधी दहा भाग आणि मग प्रत्येकाचे पुन्हा दहा. ०.४ आणि ०.३५ इतक्या लांबीच्या फिती शेजारी शेजारी ठेवल्या की वाद संपे. आमचा निकाल एका वर्षात आकाशाला भिडला, असे मी सांगणार नाही. तसा तो भिडतही नसतो. पण भिंतीवरच्या सहा गवंड्यांचा ओळंबा निदान एका जागी एक झाला. ते दोघे सर-बाई अजूनही एकमेकांच्या घरी जात नसतील. परंतु दशांश चिन्हापुरते त्यांचे छान जमले. आणि त्या तरुण बाई पुढे कायम झाल्या. मी निवृत्त झाले तेव्हा बैठक त्याच चालवत होत्या.

हुकमाने होत नाही

आपल्या देशात ही कल्पना नवी नाही. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने शेजारशेजारच्या शाळांचा संकुल करावा, तिथल्या शिक्षकांनी एकमेकांना साहाय्य करावे, असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरू लागल्या. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासंकुलाचा पुन्हा पुरस्कार करून प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे.

कागदावर सारे आहे. उणीव राहते ती नेमकी त्या सहा चिठ्ठ्यांची. वरून छापील नियम आले, भिंतीवर लावले, बैठकीचा फोटो काढून पाठवला, की बैठक झाली असे धरण्यात येते. हुकमाने माणसे खुर्चीवर बसवता येतात, त्यांना तोंड उघडायला लावता येत नाही. तोंड उघडते ते, उघडल्यावर आपले काही वाईट होणार नाही असा शब्द मिळाल्यावर. आणि तो शब्द परिपत्रकातून मिळत नाही, शेजारच्या खुर्चीवरून मिळतो.

दुसरी अडचण वेळेची. निवडणुकीची कामे, याद्या, माहितीचे तक्ते यांतून शिक्षकाला तास काढणे किती कठीण जाते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणूनच मिळालेला तास वाया जाऊ नये यासाठी नियम हवेत. ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे त्याला नियमांची गरज नसते. तो कट्ट्यावर बसू शकतो.

शेवटी पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मुलाचे गुण विचारा, खोड्या विचारा; पण जाता जाता हाही प्रश्न विचारा की, या विषयाचे शिक्षक एकत्र बसतात का, आणि कधी बसतात. उत्तर 'हो, शनिवारी' असे आले, आणि त्यापायी एखाद्या शनिवारी मुलाचा एक तास बुडून ते लवकर घरी आले, तर शाळेला फोन करून तक्रार करू नका. त्या तासात चार-सहा मोठी माणसे टेबलाभोवती बसून, तुमच्या मुलाची वही मध्ये ठेवून, आपल्याला काय येत नाही ते एकमेकांना सांगत असतील. असे करायला धैर्य लागते. त्यांना तो तास निर्धास्तपणे मिळू द्या.